डॉक्टरांचा करार : ऊस उत्पादकाने समजून घ्यावा असा एक लढा



या पानावर एरवी बेण्याची निवड, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असले विषय असतात. या वेळी विषय डॉक्टरांचा आहे, आणि तोही सातासमुद्रापलीकडच्या इंग्लंडातल्या डॉक्टरांचा. "ऊस विकास अधिकाऱ्याला हे कुठलं खूळ?" असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर असे, की आपण ऊस उत्पादक जन्मभर करारावर जगणारी माणसे आहोत. लागणीची नोंद हा करार, तोडणी-वाहतूक हा करार, सोसायटीचे पीककर्ज हाही करारच. भाव किती मिळाला यावर आपण पारावर आणि वार्षिक सभेत पुष्कळ बोलतो. पण तो भाव कशावरून काढला, खर्च कुणाच्या अंगावर पडला, आणि ज्याने काम चांगले केले त्याच्या पदरात वेगळे काही पडले का, हे प्रश्न मागे राहून जातात. इंग्लंडच्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने १९६५ साली नेमके हेच प्रश्न सरकारला विचारले आणि त्यांची उत्तरे पदरात पाडून घेतली.

दुसरे कारण घरचेच आहे. आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही, ही तक्रार प्रत्येक गटात ऐकू येते. डॉक्टर का टिकत नाही याचे अर्धे उत्तर त्याच्या करारात असते. म्हणून हा विषय आपलाच समजून वाचावा, ही विनंती.

खाणकामगारांची आरोग्य सोसायटी

गोष्ट सुरू होते वेल्स प्रांतातल्या ट्रेडेगर नावाच्या गावात. गाव कोळशाच्या खाणीचे आणि लोखंडाच्या भट्ट्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कामगारांनी एक आरोग्य सोसायटी काढली. प्रत्येकाच्या मजुरीतून ठराविक पैसे कापायचे आणि त्या पैशांतून डॉक्टर, परिचारिका, औषधे, दवाखाना हे सगळे गावातल्या कुटुंबांना पुरवायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर ही सहकारी संस्थाच होती. सभासद कामगार, कमिटी कामगारांची, डॉक्टर नेमणारेही कामगारच.

ए. जे. क्रोनिन नावाच्या एका तरुण डॉक्टरने १९२० नंतरच्या काळात याच सोसायटीत नोकरी केली. पुढे तो लेखक झाला आणि १९३७ साली त्याची 'द सिटॅडेल' ही कादंबरी निघाली. त्या कादंबरीवरून आपल्याकडे १९७१ साली देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' हा चित्रपट आला. जुन्या सभासदांना तो आठवत असेल.

याच गावचा अन्यूरिन बेव्हन हा मुलगा तेराव्या वर्षी खाणीत उतरला, कामगार संघटनेत वाढला, सोसायटीच्या दवाखान्याच्या कमिटीवर बसला आणि १९४५ साली ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. गावात जे होते ते देशभर करायचे, असे त्याने ठरवले. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. पैसा सरकारी तिजोरीतून, आणि दवाखान्याच्या दारात रुग्णाकडून काही घ्यायचे नाही, हे तिचे मूळ सूत्र.

डॉक्टर विरोधात का होते?

आता इथे एक गंमत आहे. आज त्या देशातले डॉक्टर ज्या सेवेसाठी भांडतात, तिच्या स्थापनेला त्यांच्याच संघटनेचा कडाडून विरोध होता.

ही संघटना म्हणजे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन. चार्ल्स हेस्टिंग्ज नावाच्या डॉक्टरने १८३२ साली वूस्टर गावी खेड्यापाड्यांतल्या आणि लहान शहरांतल्या डॉक्टरांना एकत्र करून ती सुरू केली. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिने डॉक्टरांचे मत घेतले. चाळीस हजारांवर डॉक्टर योजनेच्या विरोधात, आणि बाजूने पाच हजारांहूनही कमी.

हे निव्वळ स्वार्थापोटी होते असे म्हणणे सोपे आहे. थोडा स्वार्थ होताच. पण मागे अनुभवही होता. त्या देशात कामगारांच्या परस्पर साहाय्याच्या पुष्कळ सोसायट्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक सोसायट्या डॉक्टरला अगदी कमी दरडोई रकमेवर बांधून घेत. सभासद वाढत, आजार वाढत, डॉक्टरचे पैसे तेवढेच राहत. संघटना अशा करारांविरुद्ध पन्नास वर्षे भांडत आली होती. संस्था सहकारी आहे एवढ्यावरून तिचा करार न्याय्य ठरत नाही, हे आपण सहकारातल्या माणसांनीही ध्यानात ठेवले पाहिजे. सरकारचे पगारी नोकर झालो तर पुन्हा तेच होईल, अशी डॉक्टरांना भीती होती.

बेव्हनने तोड काढली. मोठ्या दवाखान्यातल्या तज्ज्ञांना त्याने चांगले मानधन दिले आणि खासगी रुग्ण पाहण्याची मुभाही दिली. गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना सांगितले, की तुम्ही नोकर होणार नाही. तुम्ही स्वतंत्र राहाल आणि सरकारशी करार कराल. यादीवर जितकी माणसे, तितक्यांची दरडोई रक्कम दरवर्षी मिळेल. डॉक्टर आले, सेवा उभी राहिली. पण घाईत लिहिलेल्या त्या कराराच्या पोटात एक खोट राहून गेली. ती बाहेर यायला पंधरा-सोळा वर्षे लागली.

सामाईक गल्ल्याची गोम

ही खोट नीट समजून घ्यावी, कारण आपल्याला ती चटकन कळण्याजोगी आहे.

देशातल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांसाठी सरकार दरवर्षी एक सामाईक रक्कम काढी. एका डॉक्टरचे सरासरी निव्वळ उत्पन्न किती असावे हे ठरवायचे, त्याला डॉक्टरांच्या संख्येने गुणायचे, आणि सगळ्यांचा मिळून दवाखान्यावर जो खर्च होतो तो त्यात मिळवायचा. झाला गल्ला तयार. मग तो मुख्यतः यादीवरच्या डोक्यांप्रमाणे वाटायचा.

समजा, एका गावात दोन डॉक्टर आहेत. दोघांच्या यादीवर अडीच-अडीच हजार माणसे. पहिल्याने चांगली जागा घेतली, बसायला बाके केली, एक कारकून ठेवला, मलमपट्टीला एक परिचारिका ठेवली. दुसऱ्याने घरातल्या एका अंधाऱ्या खोलीत टेबल टाकले, चिठ्ठ्या बायकोने लिहायच्या, फोन बायकोनेच घ्यायचा. दरडोई रक्कम दोघांना सारखीच. पहिल्याने केलेला खर्च देशाच्या सरासरीत जाऊन मिसळला आणि त्याचा वाटा दुसऱ्यालाही मिळाला. म्हणजे ज्याने दवाखाना सुधारला तो खड्ड्यात गेला, आणि ज्याने एक पैसा खर्च केला नाही त्याच्या हातात जास्त उरले.

एवढ्यावरच हे थांबत नव्हते. बाळंतपणाचे किंवा मोठ्या दवाखान्यातले जादा काम करून डॉक्टरांनी सरकारकडून जे पैसे मिळवले, ते आधी त्याच गल्ल्यातून वजा होत. एकाने जादा काम केले की बाकीच्यांच्या वाट्याचे थोडे कमी व्हायचे.

सभासद मंडळींना इथे काही ओळखीचे वाटले असेल. आपल्याकडे उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर निघतो. एकाने पक्व ऊस, पाला साफ करून, जमिनीलगत तोडून, वेळेत गव्हाणीत टाकला. दुसऱ्याने अपक्व ऊस वाढ्या-पाचटासकट गाडीत भरला. टनाचा दर दोघांना एकच. सरासरीचे फायदेही आहेत. लहान सभासदाला तिचा आधार होतो, आणि प्रत्येक गाडीचा उतारा वेगळा काढायचा म्हटले तर ते सोपे काम नाही. पण जो मनापासून शेती करतो त्याच्या मनात सरासरीने काय येते, हे आम्ही शेतकी खात्याची माणसे बांधावर रोज ऐकतो. "साहेब, मी एवढं करून मला काय मिळालं?" इंग्लंडचा डॉक्टर वेगळे काय म्हणत होता?

परिणाम व्हायचा तोच झाला. १९५० सालीच जोसेफ कॉलिंग्ज नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडातले पन्नासच्या वर दवाखाने हिंडून पाहिले आणि अहवाल छापला. औद्योगिक वस्त्यांतल्या कित्येक दवाखान्यांची अवस्था त्याला लाजिरवाणी दिसली. १९५२ साली न्यायमूर्ती डँकवर्ट्स यांच्या लवादाने डॉक्टरांना चांगली वाढ दिली. पण तो दराचा निवाडा होता. वाटपाची रीत तीच राहिली. दर वाढला, दवाखाना जिथल्या तिथे.

साठ साल उजाडेपर्यंत तरुण डॉक्टर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची वाट धरू लागले. मागे राहिलेल्यांवर ओझे वाढले. एका डॉक्टरच्या यादीवर साडेतीन हजारांपर्यंत माणसे ठेवता येत. त्या सगळ्यांची जबाबदारी रात्रंदिवस, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. एका माणसामागे वर्षाला मिळकत साधारण एक पौंड. रांगेतल्या रुग्णाच्या वाट्याला पाच-सहा मिनिटे यायची. डॉक्टरचा करार वाईट, आणि त्याची किंमत रुग्ण मोजत होता.

तारीख न घातलेले राजीनामे

फेब्रुवारी १९६५ मध्ये ठिणगी पडली. डॉक्टरांच्या मोबदल्याची शिफारस करायला एक स्वतंत्र मंडळ होते. संघटनेने त्याच्याकडे फॅमिली डॉक्टरांसाठी १ कोटी ८० लाख पौंडांची मागणी केली होती. मंडळाने दिले ५५ लाख. देशभर डॉक्टर खवळले.

अशा वेळी काय होते ते आपण जाणतो. कुणी म्हणतो उद्यापासून बंद, कुणी म्हणतो मोर्चा. या संघटनेने वेगळे केले. तिने प्रत्येक फॅमिली डॉक्टरला सांगितले, "राष्ट्रीय सेवेतून राजीनामा लिही, सही कर, पण तारीख घालू नकोस, आणि कागद आमच्याकडे पाठव." सुमारे अठरा हजार राजीनामे गोळा झाले. एकूण फॅमिली डॉक्टर बावीस हजारांच्या आसपास. म्हणजे पाचांतले चार.

या युक्तीतले शहाणपण पाहा. एकाही रुग्णाला दारातून परत पाठवले नाही. दवाखाने चालू, औषधे चालू. पण उद्या तारीख घातली तर सरकारपाशी फॅमिली डॉक्टरच उरणार नाही, हे मंत्र्याला कळत होते. आणि कागद संघटनेच्या कपाटात असल्यामुळे एकेकट्या डॉक्टरला गाठून फोडणेही अवघड होते.

पण नुसत्या धमकीवर लढा चालत नाही. मागणी काय, हे स्वच्छ लिहावे लागते. ८ मार्च १९६५ रोजी संघटनेने एक छोटे पत्रक काढले. त्याला फॅमिली डॉक्टरांची सनद म्हणतात. डॉ. जेम्स कॅमेरॉन हे त्या वेळी संघटनेच्या फॅमिली डॉक्टर समितीचे अध्यक्ष होते.

सनदेत काय लिहिले होते?

सनदेची सुरुवात पैशाच्या आकड्याने होत नव्हती. रुग्णाची सेवा नीट व्हायची तर डॉक्टरपाशी काय काय हवे, इथून ती सुरू होत होती. प्रत्येक रुग्णाला पुरेसा वेळ देता आला पाहिजे. नवे ज्ञान शिकत राहता आले पाहिजे. उपचार ठरवायचे स्वातंत्र्य हवे. जागा पुरेशी आणि साधनांनी सज्ज हवी. तपासण्यांची सोय आणि मदतनीस हवेत. विशेष कौशल्य मिळवायला उत्तेजन हवे. मोबदला पुरेसा हवा, आणि तो देण्याची रीत अशी हवी की चांगले काम करावेसे वाटेल. आणि डॉक्टरलाही थोडी विश्रांती मिळाली पाहिजे.

यातले मोबदल्याचे वाक्य दोनदा वाचावे असे आहे. रक्कम आणि रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५२ मध्ये रक्कम वाढली, रीत तशीच राहिली, आणि तेरा वर्षांत गाडी पुन्हा चिखलात रुतली. १९६५ मध्ये संघटनेने रीतच बदला म्हणून हट्ट धरला.

समोर आरोग्यमंत्री होते केनेथ रॉबिन्सन. ते स्वतः एका फॅमिली डॉक्टरचे चिरंजीव. सरकार मजूर पक्षाचे, आणि बहुमत जेमतेम चार-दोन जागांचे. मंत्र्याला डॉक्टरांचे दुखणे माहीत होते, आणि सेवा मोडली तर सरकार टिकणार नाही हेही माहीत होते. सुमारे वर्षभर बैठका चालल्या आणि १९६६ साली नवा करार ठरला.

करारातून काय मिळाले?

पहिली गोष्ट, सामाईक गल्ला मोडला. जो डॉक्टर कारकून किंवा परिचारिका ठेवील, त्याला त्यांच्या पगाराचे ७० टक्के सरकार परत देऊ लागले. एका डॉक्टरमागे अशा दोन माणसांपर्यंत ही सोय होती. दवाखान्याच्या जागेचे भाडे आणि पालिकेचा कर पूर्ण भरून मिळू लागला. म्हणजे खर्च ज्याने केला, भरपाई त्यालाच.

दुसरी गोष्ट, दवाखाना बांधायला किंवा सुधारायला कर्ज देण्यासाठी खास महामंडळ काढले. भांडवल नसलेल्या तरुण डॉक्टरला उभे राहता आले. आपल्या सोसायटीचे मध्यम मुदतीचे कर्ज विहिरीला आणि पाइपलाइनला कसे उपयोगी पडते, तसेच हे.

तिसरी गोष्ट, नुसत्या डोक्यांवर मोबदला राहिला नाही. डॉक्टरला एक मूळ भत्ता मिळाला. पासष्टीच्या वरच्या माणसासाठी दरडोई रक्कम जास्त, कारण म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर वारंवार लागतो. मध्यरात्रीनंतर घरी बोलावले तर वेगळी फी. तीन किंवा त्याहून अधिक डॉक्टरांनी मिळून एकत्र दवाखाना चालवला तर त्याचा भत्ता. आणि जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात जाणाऱ्याला जादा भत्ता.

याचे फळ लगेच एका हंगामात आले नाही, पण आले. पुढच्या वीस वर्षांत एकट्या डॉक्टरचे अंधारे दवाखाने कमी होत गेले आणि तीन-चार डॉक्टर, परिचारिका, कारकून असे मिळून चालवलेले दवाखाने वाढले. इंग्लंडात एका फॅमिली डॉक्टरच्या यादीवर १९६० च्या दशकाच्या मध्यास सरासरी अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. १९८० चे दशक संपताना ती दोन हजारांच्या आत आली. रुग्णाच्या वाट्याची मिनिटे वाढली ती अशी.

लंगडी बाजूही सांगितली पाहिजे

एवढे वाचून कुणाला वाटेल, की डॉक्टरांची संघटना म्हणेल ते सगळे बरोबर. तसे नाही.

सनदेने खर्चाची भरपाई दिली, पण काम किती चांगले झाले हे मोजण्याची सोय फारशी केली नाही. आणि भत्ते देऊनही गरीब वस्त्यांचे दैन्य पुरते हटले नाही. वेल्समधल्या ग्लिनकॉरग नावाच्या खाणीच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९७१ साली एक लेख लिहिला. त्याचा सारांश असा, की जिथे आजार जास्त आणि गरज मोठी, तिथेच चांगला दवाखाना मिळण्याची शक्यता कमी. हा नियम पुढे जगभर त्यांच्या नावाने ओळखला गेला. अशा खाणीच्या आणि गिरण्यांच्या वस्त्यांत, जिथे इंग्रज डॉक्टर जायला नाखूश असत, तिथे भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी आयुष्ये काढली. त्यांत आपले मराठी डॉक्टरही होते.

संघटना प्रत्येक वेळी जिंकली असेही नाही. १९८९ साली सरकारने नवा करार पुढे केला. फॅमिली डॉक्टरांनी मोठ्या बहुमताने तो नाकारला. तरीही १ एप्रिल १९९० पासून तो लादला गेला. २०१६ साली दवाखान्यांतल्या तरुण डॉक्टरांनी कामाचे तास आणि शनिवार-रविवारचा मोबदला यासाठी अनेकदा संप केला. नेत्यांनी तडजोड आणली, सभासदांनी ५८ टक्के मतांनी ती फेटाळली, आणि सरकारने करार तसाच लागू केला. २०२३ आणि २०२४ मध्ये तर या तरुण डॉक्टरांचे संप वारंवार झाले. महागाईने पगाराची खरी किंमत पंधरा वर्षांत खाली आली, हे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंडातल्या डॉक्टरांनी दोन वर्षांची मिळून सरासरी २२.३ टक्के वाढ मतदानाने स्वीकारली. पण संपाच्या दिवसांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या, हेही विसरून चालणार नाही.

आणि एक उदाहरण तर फारच बोलके. २००४ च्या करारात फॅमिली डॉक्टरांना रात्रीची जबाबदारी सोडण्याची मुभा मिळाली. त्यासाठी वर्षाला सुमारे सहा हजार पौंड सोडायचे होते. बहुतेकांनी ती खुशीने सोडली. रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाला झोप मिळाली, हे योग्यच झाले. पण रात्रीची पर्यायी व्यवस्था सगळीकडे सारखी उभी राहिली नाही, आणि पुष्कळ भागांत लोकांनी तक्रारी केल्या. जे काम एका करारातून काढले ते दुसऱ्या कुणाच्या तरी करारात लिहिले गेले पाहिजे. नाहीतर ते रुग्णाच्या डोक्यावर पडते. तोडणी आणि वाहतूक यांच्या मधले काम कुणाच्याच करारात नसले की भरलेली गाडी फडातच उभी राहते, हे आपण पाहतोच.

आपल्या गावचे काय?

ज्या काळात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय सेवेची आखणी चालली होती, त्याच काळात आपल्याकडे सर जोसेफ भोर यांची समिती काम करीत होती. तिचा अहवाल १९४६ साली आला. खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातलीच. पुढे सपाट भागात तीस हजार लोकवस्तीला एक केंद्र असा दंडक ठरला. तीस हजार म्हणजे आपल्या गटातली आठ-दहा गावे तरी धरा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या एकूण उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट लिहिले. उद्दिष्ट कागदावर असते. ते केंद्रात उतरते डॉक्टर, परिचारिका आणि औषधांच्या रूपाने.

आणि उतरते तेव्हा ते कराराच्या रूपानेच उतरते. आपल्या राज्यात कित्येक डॉक्टर आणि परिचारिका अकरा महिन्यांच्या करारावर काम करीत आले आहेत. अकरा महिने भरले की पुन्हा अर्ज, पुन्हा आदेशाची वाट. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो गावातल्या मधुमेही माणसाची दहा वर्षांची काळजी कशी घेणार? जमीन एका सालाच्या बोलीवर करणारा वाटेकरी शेणखत टाकीत नाही, ही आपलीच रीत आठवावी. मोठ्या सरकारी दवाखान्यांत शिकत शिकत राबणाऱ्या निवासी डॉक्टरांची मार्ड ही संघटना विद्यावेतन वेळेवर मिळावे, राहायला वसतिगृह असावे, कामाच्या जागी सुरक्षितता असावी यासाठी वेळोवेळी उभी राहिली आहे. अशा वेळी "डॉक्टरांना आणखी किती पैसे पाहिजेत?" एवढेच म्हणून आपण मोकळे होतो. मागणी काय आहे, हे वाचायची तसदी घ्यायला हवी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. ग्रामसभा तर आपलीच आहे. तिथे औषध नाही, डॉक्टर नाही, एवढे म्हणून थांबू नये. पुढे पाच प्रश्न विचारावेत. मंजूर पदे किती आणि भरलेली किती? जे आहेत ते कायम की करारावर, आणि करार किती महिन्यांचा? पगार दर महिन्याला वेळेवर होतो का? डॉक्टर आणि परिचारिकेला राहण्याजोगे घर आहे का? रात्री बाळंतीण आली, साप चावला, तर जबाबदारी कुणाची, हे कागदावर लिहिले आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, की औषध आणि डॉक्टर का नाहीत याचे कारण बहुतेक वेळा सापडते.

सहावा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे. ट्यूडर हार्ट यांनी सांगितलेला नियम आपल्या फडात रोज दिसतो. गरज सगळ्यात मोठी कुणाची? हंगामात बीड-नगरकडून येणाऱ्या तोडणी टोळ्यांची. पहाटे चारला उठून मोळ्या उचलणारी बाई, पाचटात खेळणारे पोर, कोयता लागलेला हात. आणि दवाखाना सगळ्यात लांब कुणाला? त्यांनाच. त्यांच्या बोलीत उचल किती हे ठरते, टनाचा दर ठरतो. आजारी पडल्यावर काय, हे सहसा ठरत नाही. त्यांना उपचार मिळतील का हे डॉक्टरच्या करारावर आणि टोळीच्या करारावर, अशा दोन्हींवर अवलंबून आहे. त्यातल्या दुसऱ्या करारावर आपली सही असते.

सहकारी साखर कारखानदारीने लोणी-प्रवरानगरला, कराडला दवाखाने आणि वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिलेली पाहिली आहेत. आरोग्य हा आपला विषय नाही असे सहकाराने कधी म्हटले नाही. ट्रेडेगरच्या खाणकामगारांनीही म्हटले नव्हते. त्यांनी मजुरीतून पैसे काढले तेव्हा कुठे देशाला नमुना मिळाला. आणि तो नमुना टिकला तो डॉक्टरांनी १९६५ साली आपल्या कराराचा हिशेब स्वच्छ मागितला म्हणून.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हंगामातील तोडणी-वाहतूक करारांचा विषय असेल. तो विषय निघाल्यावर टोळ्यांच्या दवाखान्याचे कलम त्यात आहे का, हे सभासदांनी अवश्य विचारावे. शेतकी खात्यातर्फे गटवार आरोग्य केंद्रांची, त्यांच्या वेळांची आणि रात्रीच्या सोयीची माहिती प्रत्येक गट ऑफिसात हंगामाआधी लावली जाईल. ती वाचून टोळीच्या मुकादमाला समजावून सांगणे, एवढे काम प्रत्येक सभासदाने करावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग